सावजाचे सावजी : कांगारूच्या मांसाविषयी एका नागपूरकराचा अभिप्राय

मेलबर्नमधील कोणत्याही मोठ्या सुपरमार्केटात मांसाच्या थंड कपाटासमोर उभे राहिले, की गाय, मेंढी, डुक्कर आणि कोंबडी या नेहमीच्या चौकडीच्या अगदी कडेला, लग्नात ओळखीचे कोणीच न भेटलेल्या पाहुण्यासारखी, गर्द तांबड्या मांसाची काही पाकिटे अंग चोरून बसलेली दिसतात. ती कांगारूची असतात. या शहरात राहायला आल्यापासून चार वर्षे मी त्यांच्यासमोरून मान खाली घालून जात होतो. गेल्या हिवाळ्यात मात्र बोकडाच्या मटणाचा भाव पाहून माझी नजर आपोआप कडेच्या फळीकडे वळली आणि पुढील तीन महिन्यांत मी या प्राण्याचे फिले, सॉसेज, खिमा आणि शेपूट असे चार प्रकार विकत आणून शिजवले. त्या चारही प्रकारांविषयीचा हा अभिप्राय आहे. माझा जन्म नागपुरातील महाल भागातला असून माझी जीभ सावजी रश्श्यावर घडलेली आहे, तेव्हा या परीक्षकाचा कल कोणत्या बाजूला आहे हे वाचकांनी आधीच लक्षात घ्यावे. सावजी या नावाचा सावजाशी काही संबंध नाही, हेही मला ठाऊक आहे. परंतु शीर्षकातील कोटी सोडवली नाही.

चार वर्षे मी संकोच का केला, याचे कारण साधे आहे. कांगारू हा ऑस्ट्रेलियाच्या राजमुद्रेवरील प्राणी आहे. एका बाजूला कांगारू आणि दुसऱ्या बाजूला एमू असे दोघे मिळून ढाल धरून उभे असतात. आपल्याही राजमुद्रेवर सिंह आहेत, पण ‘अर्धा किलो सिंह द्या, हाडे जरा कमी घाला’ असे आपण कोणत्या खाटकाला सांगितल्याचे ऐकिवात नाही. राष्ट्राचे मानचिन्ह पाकिटात भरून, त्यावर तारीख आणि भाव छापून विकण्यात एक प्रकारचा निर्विकारपणा आहे आणि तो अंगी बाणायला परदेशी माणसाला वेळ लागतो.

पुढे चौकशी केल्यावर कळले, की खुद्द येथील लोकांनाही तो बाणायला पुष्कळ वेळ लागला होता. माणसांच्या खाण्यासाठी कांगारूचे मांस विकण्याची परवानगी दक्षिण ऑस्ट्रेलियाने १९८० साली दिली आणि इतर राज्यांत तर त्यासाठी १९९३ साल उजाडावे लागले. तोपर्यंत हे मांस प्रामुख्याने कुत्र्यामांजरांच्या वाट्याला जात असे. त्यामुळे आमच्या शेजारच्या वृद्ध गृहस्थांना मी कौतुकाने माझा बेत सांगितला, तेव्हा त्यांनी सौजन्याने एवढेच विचारले, की तुम्ही कुत्रा कधी पाळला. मधल्या काळात हे मांस माणसांनी खाल्लेच नाही असे मात्र नाही. १९८१ साली ऑस्ट्रेलियातून अमेरिकेला गोमांस म्हणून पाठवलेल्या मालात घोड्याबरोबर कांगारूही आढळला. त्यावरून एवढा गदारोळ झाला, की सरकारला चौकशीसाठी शाही आयोग नेमावा लागला. म्हणजे कायद्याने ताटात येण्याची सोय नव्हती तेव्हा कांगारू वेषांतर करून सागरापार गेला होता, असे म्हणावे लागेल.

नावाचीही अडचण आहे. इंग्रजीत गाय कापली की तिचे नाव बदलते आणि डुक्कर कापले की त्याचेही बदलते. कांगारू मात्र कापला तरी कांगारूच राहतो आणि खाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर उड्या मारत राहतो. त्यावर उपाय म्हणून २००५ साली येथील एका खाद्यविषयक मासिकाने नवे नाव सुचवण्याची स्पर्धा घेतली आणि ‘ऑस्ट्रलस’ हे नाव विजयी ठरवले. आज ते कोणी वापरत नाही. आपल्याकडे ही अडचण कधी आलीच नाही, कारण मराठी माणूस ‘मटण’ या एका शब्दात चतुष्पादांच्या बहुतेक प्रजा सामावून घेतो आणि पुढचे प्रश्न विचारत नाही.

धर्मशास्त्राचे काय, असा प्रश्न माझ्या एका पुणेकर मित्राने उपस्थित केला. तो स्वतः सगळे खातो. परंतु दुसऱ्याने खाताना शास्त्राधार असावा, असा त्याचा आग्रह असतो. वालीने मरताना रामाला सुनावलेले ‘पंच पंचनखा भक्ष्याः’ हे वचन त्याने मला ऐकवले. पाच नखे असलेल्या प्राण्यांपैकी साळिंदर, घोरपड, ससा, कासव वगैरे मोजून पाचच खाण्यास योग्य आहेत, असा त्याचा आशय आहे. कांगारू त्या यादीत नाही, हे मी मान्य केले. परंतु कांगारूच्या पुढच्या पंजाला पाच नखे असतात आणि मागच्या पावलाला चारच बोटे असतात. त्यातील दोन तर एकमेकांना चिकटलेली असतात, तेव्हा हा प्राणी कमरेच्या वर पंचनख आणि कमरेच्या खाली चतुर्नख ठरतो. त्यामुळे निषेध लागू झालाच, तर तो फार तर वरच्या अर्ध्या भागाला लागू होईल, असा युक्तिवाद मी केला. बाजारात विकले जाणारे बहुतेक मांस मागच्या भागाचे असते, हा मुद्दा माझ्या बाजूने निर्णायक ठरला आणि मित्र जेवायला येण्यास तयार झाला.

आईला फोनवर सांगितले, तेव्हा तिची शंका अधिक व्यवहारी होती. ‘अरे, त्याला ती पिशवी असते ना? मग तिच्यातच मसाला भरून शिजवता येईल की, भरल्या वांग्यांसारखं.’ कल्पना म्हणून ही अत्यंत तर्कशुद्ध आहे आणि एखाद्या महागड्या उपाहारगृहाने ती उचलली तर मला आश्चर्य वाटणार नाही. परंतु पिशवी केवळ मादीला असते, आणि अनेक मांस कंपन्या आता फक्त नरच घेतात. हा प्राणी कोणी पाळत नाही. त्याची शेती होत नाही, त्याला दावण नाही, गव्हाण नाही. परवानाधारक शिकारी रात्री प्रखर दिव्याच्या उजेडात मोकळ्या रानात त्याची शिकार करतात आणि एका गोळीत, तीही डोक्यातच, त्याला मारण्याचे बंधन नियमावलीने त्यांच्यावर घातलेले आहे. किती मारायचे याचा कोटा राज्य सरकारे दरवर्षी मोजणी करून ठरवतात. ही सारी व्यवस्था निर्दोष आहे असे नाही आणि तिच्यावर आक्षेप घेणारे लोक येथे पुष्कळ आहेत. तरीही माझ्या घरी आलेल्या या मांसाने खाटीकखाना जिवंतपणी पाहिलेला नव्हता, एवढे म्हणता येते. शिवाय हा प्राणी गाईच्या मानाने फारच कमी मिथेन वायू सोडतो. त्यामुळे पर्यावरणासाठी बाकी सर्व मांस सोडून केवळ कांगारू खाणारा ‘कांगाटेरियन’ नावाचा एक पंथही येथे आहे. मासे म्हणजे समुद्रातील भाजी असे मानणाऱ्या आपल्या किनारपट्टीच्या लोकांना हा पंथ समजावून सांगावा लागणार नाही.

आता मुख्य विषयाकडे, म्हणजे पातेल्याकडे, वळतो.

पहिले पाकीट फिलेचे होते. पाचशे ग्रॅमचे, स्वच्छ, हाड नाही, चामडे नाही, आणि चरबी तर शोधूनही सापडेना. बोकडाच्या मटणावर जी पांढरी झालर असते, जिच्यामुळे रश्श्यावर तर्री चढते आणि जिच्यावरून आमच्या गावी खाटकाशी होणाऱ्या वादांत मैत्र्या तुटतात, ती येथे पूर्णतः अनुपस्थित होती. कांगारूच्या मांसात चरबीचे प्रमाण शेकडा एक-दोनच असते. पाकिटावर हे अभिमानाने छापलेले होते. मला मात्र ती धोक्याची सूचना वाटायला हवी होती. रंग जवळजवळ कलेजीसारखा होता. स्नायूंत लोहयुक्त रंगद्रव्य भरपूर असल्यामुळे तो तसा असतो आणि शिजवताना येणारा उग्र, किंचित धातूसारखा वासही त्या जातीचाच असतो.

पाकिटाच्या मागील बाजूस सूचना होती, की प्रत्येक बाजू दोन-तीन मिनिटे भाजावी, आतून गुलाबी राहू द्यावी आणि कोणत्याही परिस्थितीत जास्त शिजवू नये. ही सूचना मी वाचली आणि गोऱ्या माणसांना मटण शिजवण्याचा कंटाळा असतो, या आमच्या घराण्यातील परंपरागत समजुतीनुसार तिच्याकडे दुर्लक्ष केले. आमच्याकडे मटण शिजले की नाही हे घड्याळ ठरवत नाही, कुकरच्या शिट्ट्या ठरवतात, आणि ज्या प्राण्याची आपली पूर्वीची ओळख नाही त्याला दोन शिट्ट्या जास्त द्याव्यात, हा माझ्या आजीचा नियम होता. मी फिलेचे तुकडे केले, त्यांना आले-लसूण, हळद आणि मीठ चोळले, कांदा परतला, नागपूरहून आणलेला सावजी मसाला त्यात घातला आणि कुकरला सहा शिट्ट्या दिल्या.

(या मसाल्याविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ऑस्ट्रेलियाच्या विमानतळावर खाण्याचे सर्व पदार्थ जाहीर करावे लागतात. ते मी इमानदारीने केल्यावर तेथील अधिकारी महिलेने पुडा उघडून हुंगला, तिला तीन शिंका आल्या आणि तिने डोळे पुसत मला पुढे जाण्याची खूण केली. पूर्वीच्या कोणत्याही परीक्षकाने या मसाल्याला इतका स्पष्ट अभिप्राय दिलेला नाही.)

कुकर उघडला, तेव्हा रस्सा पाहून मन प्रसन्न झाले आणि तुकडा दाताखाली घेतल्यावर ते पूर्ववत झाले. शाळेत असताना कंटाळवाण्या तासाला मी खोडरबर चावत असे. पस्तीस वर्षांनी तोच अनुभव, या वेळी दगडफुलाच्या सुगंधासह, मला पुन्हा लाभला. सहा शिट्ट्यांनी नरम झाला नसेल म्हणून मी आणखी चार दिल्या. त्यानंतर तो तुकडा आकाराने निम्मा आणि वृत्तीने दुप्पट कठोर झाला.

याचे कारण मला नंतर समजले आणि ते समजल्यावर माझा राग कांगारूवरून उतरून माझ्यावर आला. बोकडाचे मांस शिट्ट्यांनी मऊ होते, कारण त्यातील चिवट संयोजी ऊतक, म्हणजे आपण ज्याला पांढऱ्या शिरा म्हणतो ते, दीर्घकाळ ओलसर उष्णता मिळाली की विरघळून जिलेटिन बनते आणि चरबी त्याला वंगण पुरवते. कांगारूच्या फिलेत विरघळण्यासारखे काही नसते आणि वंगण तर नसतेच. तेथे असतो केवळ स्नायू, आणि स्नायूला जितकी जास्त आच द्यावी तितका तो आकसून आपल्यातील पाणी पिळून टाकतो. पहिल्या शिट्टीच्या आधीच त्याचे काम झालेले असते. माझ्या दहाही शिट्ट्या ही निव्वळ मृताची विटंबना होती.

दुसऱ्या खेपेस मी पाकिटापुढे शरणागती पत्करली. बिडाचा तवा धूर येईपर्यंत तापवला, फिलेला तेल, मिरपूड आणि थोडा सावजी मसाला चोळला, दोन्ही बाजूंनी अडीच-अडीच मिनिटे भाजले आणि ताटलीत पाच मिनिटे विसावू दिले. मोजून सांगतो, हा पदार्थ उत्तम झाला होता. बाहेरून मसाल्याचा करपट खमंगपणा आणि आतून रसाळ, किंचित गोडसर, लोण्यासारखे कापले जाणारे मांस, अशी त्याची चव होती. त्या दिवसांत माझे सासरे नागपूरहून आमच्याकडे राहायला आले होते. त्यांच्यासमोर मी हे काप मांडले. त्यांनी आतील गुलाबी रंगाकडे बराच वेळ पाहिले, मग स्वयंपाकघराकडे पाहिले आणि अत्यंत आपुलकीने विचारले, ‘जावईबापू, गॅस संपला का?’

नाही, असे मी सांगितल्यावर त्यांनी तो काप पुन्हा तव्यावर ठेवायला लावला आणि आपल्या देखरेखीखाली त्याचा खोडरबर करून घेतला. तेव्हा फिलेविषयी माझे मत असे आहे : एकटे राहणाऱ्या, घड्याळ पाहून स्वयंपाक करणाऱ्या आणि सासुरवाडी दूर असलेल्या माणसाने तो अवश्य आणावा. ज्यांच्या घरी मांसाचा गुलाबी रंग म्हणजे यजमानाचा आळस समजला जातो, त्यांनी पैसे वाया घालवू नयेत.

सॉसेजवर मी फार शब्द खर्च करणार नाही. येथे त्यांना ‘कांगा बँगा’ असे बालगीतात शोभेल असे नाव आहे आणि त्यांची चवही बालगीताइतकीच गुंतागुंतीची आहे. मुलांनी ती टोमॅटो सॉसबरोबर खाल्ली, एवढे त्यांच्या बाजूने नोंदवतो.

खिम्याने मात्र माझा आत्मविश्वास परत दिला. जो स्नायू अखंड असताना ऐकत नाही, तो यंत्रातून बारीक होऊन आल्यावर वादच घालू शकत नाही. शिवाय खिमा हा पूर्ण शिजवायचाच असतो, कारण दळताना मांसाच्या पृष्ठभागावरील जंतू सर्वत्र मिसळतात. त्यामुळे येथे पाकीट, आजी आणि सासरे या तिन्ही अधिकृत संस्थांचे प्रथमच एकमत झाले. दोष एकच, की चरबी नसल्यामुळे खिमा कोरडा आणि भरभरीत होतो. त्यावर मी नेहमीपेक्षा दुप्पट कांदा, दोन मोठे चमचे शेंगदाणा तेल, वाटलेले सुके खोबरे आणि शेवटी मूठभर मटार असा उपाय केला. दुसऱ्या दिवशी तोच खिमा पावात घालून डब्यात नेला, तेव्हा कार्यालयातील सूक्ष्मलहरी भट्टीभोवती अनोळखी माणसे जमू लागली. बोकडाच्या खिम्याला हा पूर्ण पर्याय आहे असे मी म्हणणार नाही. पण त्याचा भाव पाहता आणि खाल्ल्यावर दुपारी डोळ्यांवर झापड येत नाही हे लक्षात घेता, महिन्यातून दोनदा तो आमच्या घरी होऊ लागला आहे.

आता शेपटाकडे येतो. या अभिप्रायाचे खरे कारण तेच आहे.

कांगारूचे शेपूट आमच्या भागातील सुपरमार्केटात मिळत नाही. त्यासाठी मला शहरातील १८७८ पासून भरणाऱ्या क्वीन व्हिक्टोरिया मार्केटात जावे लागले. तेथील एका गाळ्यावर मगर आणि एमू यांच्या शेजारी ते गोठलेल्या अवस्थेत पडलेले होते. गाळेवाल्याने ते विद्युत करवतीवर धरून माझ्या सांगण्याप्रमाणे दोन-दोन बोटे जाडीच्या चकत्या करून दिल्या. बुंध्याकडची चकती मनगटाहून जाड आणि टोकाकडची अंगठ्याएवढी होती. प्रत्येकीच्या मध्यभागी मणक्याचे हाड, भोवती गडद मांस आणि त्यांमधून पांढऱ्या स्नायुबंधांचे पट्टे अशी ती रचना पाहिल्याबरोबर माझ्यातील नागपूरकर तीन महिन्यांत प्रथमच जागा झाला. हे मांस नव्हते. हा पाया होता.

हे मी केवळ रूपकाने म्हणत नाही. कांगारू चरताना सावकाश चालतो, तेव्हा पुढचे दोन पाय आणि शेपूट जमिनीवर टेकवून मागचे पाय पुढे आणतो. त्या चालीत शेपूट नुसते टेकू म्हणून वापरले जात नाही, तर ते उरलेल्या चारही पायांनी मिळून लावावे तितके बळ लावून शरीराला पुढे ढकलते, असे २०१४ साली संशोधकांनी मोजून दाखवले आहे. म्हणजे शेपूट हा त्याचा पाचवा पाय आहे. आयुष्यभर एवढे वजन ढकलणाऱ्या अवयवात स्नायुबंध आणि संयोजी ऊतक ठासून भरलेले असणार, हे उघड आहे. फिलेत जे नाही ते सर्व येथे आहे आणि त्याला हवी असते ती मंद आच आणि भरपूर वेळ. माझ्या आजीचा नियम चुकीचा नव्हता. मीच तो प्राण्याच्या चुकीच्या टोकाला लावला होता.

आणि ही गोष्ट काही माझा शोध नाही. मध्य ऑस्ट्रेलियातील आदिवासी लोकांना ती फार पूर्वीपासून ठाऊक आहे. पित्जान्त्जात्जारा भाषेत ज्याला ‘मालू’ म्हणतात त्या तांबड्या कांगारूचे शेपूट ते आगीवर धरून केस जाळतात, खरवडतात आणि मग निखाऱ्यांत पुरून सावकाश भाजतात. अॅलिस स्प्रिंग्जकडील वाळवंटी प्रदेशातील दुकानांत आजही शीतपेटीत अखंड, केसाळ शेपटे विकायला असतात. त्यांच्या मानाने युरोपीय लोक बरेच उशिरा आले. १७७० सालच्या जुलै महिन्यात, आज जेथे कुकटाउन आहे तेथे, खडकावर आपटलेल्या जहाजाची डागडुजी चालू असताना लेफ्टनंट गोर याने एक कांगारू मारला आणि दुसऱ्या दिवशी सर्वांनी तो खाऊन उत्तम असल्याचा निर्वाळा दिला. जहाजाच्या कप्तानाचे आडनावच कुक असल्यामुळे त्यांना दुसरे काही म्हणण्याची सोय नसावी. ‘कांगारू’ हा शब्दही त्यांनी तेथील गुगू यिमिधिर लोकांच्या ‘गंगुरू’वरून उचलला. ‘मला माहीत नाही’ असा त्याचा अर्थ असल्याची जी गोष्ट आपण शाळेत ऐकली, ती निखालस खोटी आहे. पुढे १८६४ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील पहिल्या पाकपुस्तकात कांगारूचा भेजा पिठात कालवून एमूच्या चरबीत तळण्याची कृती आहे. राजमुद्रेवरचे दोन्ही प्राणी, राजमुद्रा तयार होण्याच्या कितीतरी आधी, असे एकाच कढईत भेटून गेले होते.

माझी कृती याहून सभ्य होती. आषाढ अमावास्या, म्हणजे आपली गटारी, मेलबर्नमध्ये ऐन हिवाळ्यात येते आणि श्रावणाआधीच्या शेवटच्या जेवणाला बाहेर कडाक्याची थंडी असावी, ही सोय नागपुरात कधीच नव्हती. चकत्या मी रात्रभर आले-लसूण आणि दह्यात मुरवल्या. सावजीला खरे तर जवसाचे तेल हवे. ते येथे दोन ठिकाणी मिळते : औषधाच्या दुकानात इवल्याशा बाटलीत आरोग्यवर्धक म्हणून आणि खेळाच्या दुकानात क्रिकेटची बॅट मुरवण्यासाठी. पहिले परवडत नाही आणि दुसरे पचत नाही, म्हणून मी शेंगदाणा तेलावर भागवले. कांदा आणि सुके खोबरे काळसर होईपर्यंत भाजून वाटले, खसखस आणि भाजलेल्या ज्वारीचे पीठ दाटपणासाठी घेतले, मसाला तेल सुटेपर्यंत परतला आणि चकत्या त्यात घालून कुकर लावला. पहिली शिट्टी झाल्यावर आच मंद करून पाऊण तास ठेवला. उघडून पाहिले, तर मांस अजून हाडाला धरून होते. आणखी वीस मिनिटे दिली, आणि त्यानंतर ते चमच्याच्या नुसत्या धाकाने सुटू लागले.

रस्सा थंड हवेत ताटलीच्या कडेला गोठू लागला, तेव्हाच निकाल लागला होता. ओठ एकमेकांना चिकटावेत असा तो चिकट, दाट रस्सा, मणक्याच्या खाचांतून चोखून काढावा लागणारा मगज आणि कांगारूच्या त्या मूळच्या उग्रपणाला सावजी मसाल्याने दिलेले सडेतोड उत्तर! बोकडाला हा मसाला कधीकधी दडपून टाकतो. येथे दोघेही तुल्यबळ होते आणि कोणीही माघार घेतली नाही. उणीव एकच राहिली : तर्री. प्राण्याची स्वतःची चरबी जवळजवळ नसल्यामुळे वर आलेला लाल थर सर्वस्वी माझ्या तेलाचा होता आणि जाणकाराच्या जिभेला हा फरक कळतो. पुढच्या वेळी दोन तुकडे मेंढीच्या चरबीचे घालून पाहण्याचा विचार आहे. धर्मशास्त्री मित्राने तीन वेळा रस्सा घेतला आणि शेपूट वरच्या अर्ध्यात मोडते की खालच्या, हा प्रश्न काढला नाही. सासऱ्यांनी तर, ज्वारीची भाकरी येथे मनासारखी थापली जात नाही ही नेहमीची तक्रार वगळता, जेवताना एकही शब्द उच्चारला नाही. आमच्याकडे ही सर्वोच्च श्रेणी समजली जाते.

जेवणे झाल्यावर मित्राच्या सात वर्षांच्या मुलीने सर्वांच्या ताटांतील हाडे गोळा केली आणि मोठ्यापासून लहानापर्यंत क्रमाने जमिनीवर मांडून पाहिली. संपूर्ण शेपूट पुन्हा तयार झाले, फक्त मधली एक चकती कमी होती. ती सासऱ्यांनी उद्यासाठी म्हणून वाटीखाली झाकून ठेवल्याचे नंतर उघडकीस आले. मुलीने त्या रांगेकडे पाहून मला विचारले, ‘काका, मग बाकीचा कांगारू कुठे आहे?’ मी तिला सांगितले, की तो सुपरमार्केटात फिलेच्या पाकिटात आहे, आणि तो तेथेच सुखाने राहो.